राखणीचा दगड

लोणखेडा, ता. शहादा
११ मार्च २०२५

चि. चारुलतेस अनेक आशीर्वाद.

प्रथम तक्रार. तुझ्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका पोचली. पाकिटावर तू स्वतःच्या हाताने लिहिले आहेस, ‘श्री. हेमकांत पाटील, निवृत्त संस्कृत शिक्षक’. बाई, निवृत्ती ही थोर अवस्था आहे. ऋषिमुनींना ती हजार वर्षांच्या तपाने साधली नाही आणि तू मला ती एका टपाल तिकिटात देऊन टाकलीस. मी चोपन्न वर्षांचा आहे. शासनाच्या मते अजून चार वर्षे मला नववीच्या वर्गापुढे उभे राहून ‘देव’ शब्द चालवायचा आहे. पोस्टमनने पाकीट देताना विचारले, “मास्तर, पेन्शन सुरू व्हयनी का?” आता हीच बातमी गावभर आहे. साखरपुड्यात मला जिलेबी तू स्वतः वाढायची, हे प्रायश्चित्त. आतेबहीण म्हणून सवलत मिळणार नाही.

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा लहान असती तर बरे झाले असते.

परवा रविवारी, भर दुपारी, उखा आपल्या मळ्यात विहिरीवरची केबल कापताना सापडला. उखा म्हणजे वायरमन. आपल्या शिवारातल्या निम्म्या मोटारी त्याने बसवल्या, आपलीही त्यानेच. आत तांबे किती आहे हे त्याला विचारावे लागले नाही. वर्षभरात ही तिसरी केबल. करमसिंगच्या गोफणीतून दगड सुटला आणि उखाच्या डोक्याला लागला. करमसिंगला तू पाहिले आहेस: आपला सालदार, तोरणमाळकडचा पावरा आदिवासी, सात वर्षे आपल्या मळ्यात बायकोमुलांसह झोपडी बांधून राहतो. सोमवारी सकाळी पोलिस आले. दगड मीच मारला असे करमसिंगने सांगितले आणि ते त्याला घेऊन गेले. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले आहे. उखा धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे, शुद्धीवर नाही.

करमसिंगचे वकीलपत्र तू घे. आणि चोराला मारायचा अधिकार मालकाला, किंवा मालकाच्या माणसाला, कुठवर असतो ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर मला कायदा समजत नाही; मध्ये मध्ये ‘हं’ म्हणावे लागते आणि समजल्यासारखे वाटते.

तुझा
हेमदादा


नंदुरबार
१४ मार्च, धुळवड

ती. हेमदादास नमस्कार.

अपराध कबूल. पाकीट कारकुनाने लिहिले असे म्हणून सुटता आले असते, पण अक्षर माझे आहे, आणि स्वतःचे अक्षर नाकारणारी माणसे मी रोज पाहते. जिलेबी वाढीन.

करमसिंगचे वकीलपत्र घेतले. मात्र एक आधीच सांगते. मी आता त्याची वकील आहे. तुझी मी बहीण आहे, वकील नाही. तू मला जे लिहिशील ते त्याच्या उपयोगाचे असेल तर मी वापरणार. हे लक्षात ठेवून लिही.

कायदा असा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचाही माल वाचवण्यासाठी बळ वापरता येते. सालदाराने मालकाची केबल वाचवली तर तो अधिकार त्यालाही आहे. पण गरजेपुरते बळ, त्याहून तसूभर जास्त नाही. साध्या चोरीसाठी चोराचा जीव घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. चोरामुळे जिवावर बेतेल किंवा भारी दुखापत होईल अशी खरी भीती असेल, घर फोडून कोणी अंधारात आत शिरले असेल, आग लावत असेल, तर गोष्ट वेगळी. तांब्यासाठी नाही.

आणि दुसरी मर्यादा, जी लोकांना ठाऊकच नसते. हा अधिकार संपतो. माल परत मिळाला की संपला. त्यानंतर मारलेला दगड हा राखणीचा नसतो, तो नुसता दगड असतो.

म्हणून तीन प्रश्न. दगड लागला तेव्हा केबल उखाच्या हातात होती का? त्याचे तोंड कुठे होते? मारणारा आणि तो यांच्यात किती पावले अंतर होते? करमसिंगला विचारीनच. मळा तुझा आहे, तूही सांग.

पोलिसांनी झोपडीतल्या खुंटीवरची गोफण जप्त केली आहे. कागदावर तिला ‘घातक हत्यार’ म्हटले आहे. पोपटांनी हे वाचले तर त्यांना फार बरे वाटेल.

चारू


लोणखेडा
१७ मार्च

चि. चारू,

तुझे कायद्याचे विवेचन वाचले. दहावीला तुला संस्कृतात पस्तीस गुण होते. त्या मानाने बरेच स्पष्ट लिहितेस.

आमचे जुने शास्त्रकार तुमच्या संहितेपेक्षा उदार होते आणि कडकही. वाटसरूला भूक लागली तर कोणाच्याही शेतातून दोन ऊस मोडून खावेत, त्याला दंड नाही. आपल्या आजोबांचाही हाच नियम होता: खा, पण बांधून नेऊ नको. उलट, धन हरण करणाऱ्याला त्याच शास्त्रकारांनी आग लावणाऱ्याच्या आणि विष घालणाऱ्याच्या पंक्तीत बसवला, आणि अशाला मारताना फार विचार करू नये असे सुचवले. मला शाळेत मुले विचारत, सर, नेमके किती चोरले की आततायी होतो? मी म्हणत असे, परीक्षेत येणार नाही.

तुझ्या प्रश्नांविषयी. अंतर म्हणशील तर पन्नास पावले असेल, कमीही असेल. केबलचे वेटोळे तिथेच होते. तोंड कुठे होते हे अशा गडबडीत कोण पाहतो?

पहिल्या दोन चोऱ्यांच्या वेळी मी ठाण्यात गेलो होतो हे नोंदवून ठेव. पहिल्यांदा म्हणाले, केबलचे बिल आणा. दुसऱ्यांदा बिल घेऊन गेलो तर म्हणाले, हे पहिल्या केबलचे आहे. तक्रार लिहून घेणारा हवालदार चांगला माणूस होता. त्याच्या स्वतःच्या विहिरीवरचीही गेली होती.

इकडे बाकी ठीक. करमसिंगची बायको गजराबाई रोजच्यासारखी पपईला पाणी देते, दादर ज्वारी कापायलाही आली. मात्र तुझ्या प्रतिभावहिनीने दिलेला चहा घेत नाही. कप उचलते, ओट्याच्या कडेला ठेवते आणि जाते. संध्याकाळी तुझी वहिनी तो गार चहा ओतून टाकते. दोघी बोलत नाहीत. घरात इतकी शांतता आहे की मला माझेच वाचन ऐकू येते.

जामिनाचे काय झाले?

हेमदादा


नंदुरबार
२१ मार्च

ती. दादास नमस्कार.

जामीन नाकारला. उखा वाचतो की नाही हे ठरेपर्यंत पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. तो गेला तर कलम बदलेल आणि करमसिंग वर्षानुवर्षे आत राहील. हे स्पष्ट लिहिते, कारण तुझ्या पत्रात ‘बाकी ठीक’ असे लिहिले आहे.

काल तुरुंगात त्याला भेटले. आमचे बोलणे जसेच्या तसे लिहिते.

मी म्हटले, “दगड कुठून मारलास?”

“मळ्यातून.”

“मळा तीन एकरांचा आहे, करमसिंग. राखणीच्या माळ्यावरून? बांधावरून?”

“राखण माझी होती बाई. राखण माझी, तर दगड बी माझाच.”

“उखा कुठे उभा होता?”

“विहिरीकडं असल.”

“असेल? तू पाहिलं नाहीस?”

मग मी विचारले, “ढेकूळ का नाही मारलंस? दगड कशाला घेतलास?” या प्रश्नाने मात्र त्याचा चेहरा उजळला. कामाची गोष्ट निघाली ना. म्हणाला, “माळ्याखाली मी दोन ढीग ठेवतो बाई. डाव्या अंगाला ढेकळं, पोपटाले. उजव्या अंगाला दगड, डुकराले.” मग म्हणाला, “माणसाले ढीग नाही ठेवला.”

दादा, वीस वर्षांत मी पुष्कळ आरोपी पाहिले. इतक्या वाईट रीतीने गुन्हा कबूल करणारा नाही पाहिला.

परत येऊन कागद पुन्हा वाचले. अटकेच्या वेळी त्याच्या अंगावर काय मिळाले त्याची यादी आहे: तंबाखूची डबी एक, नवा रुमाल एक, साखरेचे हारकंगन एक, अर्धे खाल्लेले. हारकंगन लोणखेड्यात कुठे मिळते? होळीच्या आठवड्यात डोंगरात भोंगऱ्याचा बाजार भरतो, तिथे मिळते. आज पुन्हा गेले. सहज विचारल्यासारखे विचारले, “भोंगऱ्या कसा झाला यंदा?” म्हणाला, “लई ढोल होते बाई, दिवसभर...” आणि एकदम तोंड मिटले. तोरणमाळच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्याला गाठले. रविवारी सकाळी करमसिंग त्याच्या जीपने वर गेला आणि दिवे लागल्यावर खाली आला.

दुसरा कागद दवाखान्याचा. जखम उजव्या कानाच्या मागे आहे. मागे, दादा. उखाची पाठ होती.

करमसिंग मळ्यात नव्हता. मग गोफण कोणी फिरवली?

उत्तर लिहिण्याआधी माझ्या पहिल्या पत्रातला दुसरा परिच्छेद वाच. मी तुझी वकील नाही.

चारू


लोणखेडा
२५ मार्च

चि. चारू,

शेजारच्या पितांबरच्या पिकअपने केळीचा एक घड पाठवला आहे. पिकायला तीन दिवस लागतील. पोत्यात झाकून ठेव, फ्रिजमध्ये नको.

हेमदादा


नंदुरबार
२८ मार्च

केळी पोचली. उत्तर पोचले नाही.

चारू


लोणखेडा
२ एप्रिल

चि. चारू,

हे पत्र मी पाच वेळा सुरू केले. पहिल्या चारांत दोन-दोन पाने प्रस्तावना झाली. आता सरळ लिहितो. गोफण मी फिरवली.

करमसिंग भोंगऱ्याला मला विचारून गेला. मीच म्हणालो, जा, दादर राखायला मी आहे. मला हौसच होती. लहानपणी आजोबा मला माळ्यावर बसवत. माझ्या नेमाची शिवारात ख्याती होती, हे आता कोणाला सांगून खरे वाटणार नाही. सकाळभर मी ढेकळांनी पोपट उडवले. बोटात दोरीची फासणी अडकवून गोफण डोक्यावर फिरवायची आणि दुसरे टोक सोडायचे. चाळीस वर्षांनीही हाताला सगळे आठवत होते. मी मनातून फार खूष होतो.

त्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची होती. म्हणजे दिवसा केबल मेलेली. हे वेळापत्रक शेतकऱ्यांइतकेच चोरांनाही पाठ असते. बाराच्या सुमाराला विहिरीकडे कोणी हलताना दिसले. मी माळ्यावरून उतरलो आणि ओरडलो. उखा उभा राहिला. खांद्यावर केबलचे वेटोळे. त्याने मला पाहिले, ओळखले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही झाले नाही. त्याने वेटोळे बांधावर ठेवले. टाकले नाही, ठेवले, पाहुण्याकडे आणलेली पिशवी ठेवावी तसे. म्हणाला, “ही ले तुन्ही केबल, मास्तर. नवी टाकशी तवय फिरी येसू.” नवी टाकली की पुन्हा येईन, असे मला सांगून तो वळला आणि नाल्याकडे चालू लागला. पळाला असता तर बरे झाले असते. तो चालत होता.

केबल माझ्यासमोर होती. तुझ्या कायद्याप्रमाणे माझा अधिकार त्या बांधावर ठेवलेला होता, संपलेला. तेव्हा मला हा कायदा ठाऊक नव्हता, पण ठाऊक असता तर काही फरक पडला असता असे म्हणवत नाही. माझ्या डाव्या हाताला ढेकळांचा ढीग होता, उजव्या हाताला दगडांचा. मी दोन्हीकडे पाहिले. हे मी शपथेवर सांगेन. दोन्हीकडे पाहिले आणि उजवीकडे वाकलो.

तो तोवर वीस-पंचवीस पावलांवर गेला होता. पन्नास नाही.

तो पडल्यावर मी धावलो. रुमालाने डोके बांधले, पितांबरला हाक मारली, त्याच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेले. पितांबरला म्हणालो, गोफणीचा दगड लागला. त्याने कोणाचा असे विचारलेच नाही. डॉक्टरनेही नाही. गावात कोणीही नाही. गोफण पावऱ्याची, म्हणजे दगड पावऱ्याचा. संस्कृतच्या मास्तराला कोण विचारणार? मी खोटे बोललो नाही. खोटे बोलायची वेळच कोणी येऊ दिली नाही.

सोमवारी ती वेळ आली. पोलिसांनी झोपडीपाशी विचारले, “गोफण कोणाची?” करमसिंग म्हणाला, माझी. ते खरेच होते. मग विचारले, “दगड कोणी मारला?” करमसिंगने माझ्याकडे पाहिले. रात्री आल्यावर गजराबाईने त्याला सगळे सांगितले होते. तिने लांबून पाहिले होते. मी चौकटीला हात लावून उभा होतो. तो माझ्याकडे पाहत होता तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून झाले असते. मी ते बोललो नाही. मग तो म्हणाला, “मी.”

राखण सोडून गेलो म्हणून हे झाले, असे तो मनात धरून बसला आहे. सालदाराची राखण आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. तोवर शेतात जे होईल ते त्याच्या माथी, मालक हो म्हणो की नाही. हा हिशेब आमच्याच लोकांनी त्याच्या लोकांना शिकवला असणार. मी तो तेवीस दिवस वापरला.

प्रतिभाला पहिल्याच संध्याकाळी कळले होते. माझ्या बोटावर फासणीचा वळ उठला होता. तिने त्यावर हळद लावली आणि काही विचारले नाही. मला तेव्हा वाटले, किती समजूतदार बायको. आता वाटते, ती वाट पाहत होती.

उद्या सकाळी ठाण्यात जातो. हे पत्र करमसिंगसाठी वापर.

हेमदादा


नंदुरबार
६ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

पत्र न्यायालयात दिले. जीपवाल्याचा जबाबही झाला. करमसिंग दोन-चार दिवसांत सुटेल.

तू शाबासकीची वाट पाहत नसशील अशी आशा आहे. पाहत असलास तर ती माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे आणि ती मी प्रामाणिकपणे लिहिते: तू तीन तारखेला ठाण्यात गेलास आणि उखा चार तारखेला शुद्धीवर आला. त्याचे पहिले वाक्य होते, “मास्तरनी मारा.” एक दिवस उशीर केला असतास तर तुझ्या कबुलीला रद्दीचा भाव आला असता. उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. येणारही नाही, असे डॉक्टर म्हणतात.

तुझा खटला मी चालवू शकत नाही, आणि शकले असते तरी चालवला नसता. जेठमल शेठजींचा पारस शहाद्याला वकिली करतो. चांगला मुलगा आहे, बोलतो कमी. त्याच्याकडे जा. तो तुला सांगेल तेच मी आधी सांगते. मालमत्तेच्या बचावाचा मुद्दा संपला. तो काढूही नकोस, न्यायाधीश तुझेच पत्र तुला वाचून दाखवतील. उखाचे बोलणे झोंबले, भान सुटले, एवढेच म्हणता येईल. त्याने शिक्षा कमी होते, गुन्हा पुसला जात नाही. उखाची चोरी वेगळी, तिचा खटला वेगळा चालेल. त्याची केबल त्याच्यापाशी, तुझा दगड तुझ्यापाशी.

‘भान सुटले’ हे पारस तुला पुन्हा पुन्हा म्हणायला लावील. म्हण.

शास्त्रार्थ नको. झोप लागते का तेवढे कळव.

चारू


लोणखेडा
२ मे

चि. चारू,

झोप लागते. दुपारी लागते, त्यामुळे रात्रीची पंचाईत होते. शाळेने खटला संपेपर्यंत मला घरी बसवले आहे. पारसने जामीन करून दिला. तू म्हणालीस तसा तो बोलतो कमी, माझी सगळी हकीकत ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, “सर, कोर्टात इतकं छान बोलू नका.”

परवा आखाजी झाली. सालदाराचे वर्ष संपले. करमसिंग सकाळीच झोपडी उतरवायला लागला. वासे, पत्रे, कोंबड्यांची डालगी, सगळे पितांबरच्या पिकअपमध्ये. मी जाऊन उभा राहिलो. वासा धरायला हात लावला तर त्याने तो दुसऱ्या टोकाने ओढून घेतला. मी म्हणालो, “करमसिंग, चुकलं माझं. तुला आत राहावं लागलं.”

तो म्हणाला, “आत मी माझ्या पायानं गेलो, मास्तर.”

“मी बोलायला हवं होतं.”

“हां.” दोरी आवळत होता. मग म्हणाला, “राखण सोडून गेलो, ते माझं. तू बोलला नाही, ते तुझं. माझं मी फेडलं.”

सात वर्षे तो मला तुम्ही म्हणत होता. त्या दिवशी तू म्हणाला. मला ते योग्यच वाटले. गजराबाईने निघताना प्रतिभाने दिलेला चहा घेतला, उभ्याने, पूर्ण. तो निरोप होता की माफी, हे आम्हां दोघांना ठरवता आलेले नाही. पुढच्या वर्षाला तो तापीकाठी दुसऱ्या मळ्यावर राहिला आहे.

काल उखाकडे गेलो. पारसने जाऊ नका म्हणून बजावले होते, म्हणून त्याला कळवू नकोस. डोके अजून भादरलेले आहे. खाटेवर बसला होता. मी बोलू लागलो तसा डावा कान माझ्याकडे करून वळला. त्याच्या बायकोने पाणी दिले, पण भांडे माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवले. माफीसाठी मी पाठ केलेली दोन वाक्ये म्हणालो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, “नेम भारी शे तुमना, मास्तर. मन्ही पोर तुमनी शाळामा शे. तिले हाई शिकाडू नका.” हसला. मी हसलो नाही, आणि मग त्यानेही हसणे थांबवले. चोरी का केलीस असे विचारायचे मनात होते. विचारण्याचा अधिकार राहिलेला नाही असे वाटले. उठलो.

आता जे लिहायचे आहे ते या पत्रात कुठे बसत नाही, म्हणून शेवटी लिहितो.

चार दिवसांपूर्वी मळ्यात गेलो होतो. बांधावर एक बाई गवत कापत होती. बांधाच्या गवताला कोणी कोणाला विचारत नाही. मी आयुष्यात कधी कोणाला हटकलेले नाही. तरी हाक मारली. तिने वर पाहिले आणि पुन्हा विळा चालवायला लागली. एवढेच. मी परत वळलो तेव्हा लक्षात आले की माझ्या मुठीत ढेकूळ आहे. कधी उचलले ते आठवत नाही.

चारू, भान सुटले असे मी कोर्टात म्हणणार आहे. तू सांगितलेस, पारसही तेच सांगतो, न्यायाधीशही बहुधा मान्य करतील. पण ते खरे नाही. माझे भान जागच्या जागी होते. आणि दगड लागला, उखा खाली पडला, तेव्हा धावण्याआधी क्षणभर मला बरे वाटले होते. फार बरे वाटले होते. शिक्षेची भीती मला आहे, पण ती दुसरी. पहिली भीती माझ्यातल्या या माणसाची आहे, ज्याला बरे वाटले. तो गेला की नाही, मला माहीत नाही.

हे मी पारसला सांगितलेले नाही. प्रतिभालाही नाही.

हेमदादा